ओळीतली सातवी डबी

सटवाजीवर मी याआधी एकदा लिहिलं आहे. दोनशे शब्द, इंग्रजीत, सोबत एक फोटो. फोटोत तो मोटारसायकलवर बसलेला, मागे थर्माकोलचा खोका दोरीनं आवळलेला आणि चेहरा हसरा. असे फोटो काढताना आम्हाला माणसांना हसायला सांगावं लागतं. त्या दिवशी सांगावं लागलं नाही. मजकुरात एकच वाक्य खोटं होतं आणि ते खोटं आहे हे लिहिताना मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, म्हणून दुसऱ्यांदा लिहायला बसलो आहे. या खेपेला शब्द मोजून मागणारं कुणी नाही आणि शेवटी कुणाचे आभारही मानायचे नाहीत.

आधी माझा धंदा सांगून टाकतो. टीबीवर काम करणाऱ्या एका संस्थेत मी अहवाल लिहायला होतो. संस्थेला पैसा यायचा तो परदेशातल्या एका निधीतून. त्या निधीत कोणकोणत्या देशांनी किती टाकले हे मला तोंडपाठ होतं. परभणी जिल्ह्यात टीबीची माणसं नेमकी किती हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि ती हुडकायचाच आम्हाला पैसा मिळत होता. दर तीन महिन्यांनी आकडे जायचे आणि आकड्यांसोबत तीन यशोगाथा. प्रत्येकीत एक आजारी बाई असायची, मग गोळ्या, मग तीच बाई हसताना, आणि खाली निधीचे आभार. अशा बेचाळीस यशोगाथा मी लिहिल्या. त्यातल्या निम्म्या बायकांची नावं आज मला आठवत नाहीत.

या सगळ्या उतरंडीत सटवाजी तळाला होता. येलदरीचा भोई. निम्मं आयुष्य धरणात जाळं टाकण्यात गेलं. रोहू, कटला, मरळ, जे लागेल ते बर्फात घालून बाजाराला न्यायचं, उरलं तर घरी कालवण. पुढे कंबर धरली आणि होडी सुटली. त्याच सुमाराला आमच्या संस्थेला गावोगावच्या थुंकीच्या डब्या गोळा करून तपासणीच्या मशीनपर्यंत आणणारा माणूस हवा होता. आधी दोन पदवीधर पोरं ठेवून पाहिली. एक महिन्यात पळाला, दुसऱ्याचं जमलेलं लग्न मोडलं. मग कुणीतरी सटवाजीला विचारलं. तो म्हणाला म्हणे, मासा काय आणि थुंकी काय, दोन्ही उन्हात नासणारा माल, मला जमंल.

आणि त्याला ते खरोखरच जमलं. संस्थेनं निळी परदेशी पेटी दिली होती, तिच्यातला बर्फ दुपारी पाणी व्हायचा. सटवाजीनं आपला जुना माशांचा खोका घासूनपुसून घेतला, तळाला भुसा, वर बर्फ, त्यावर ओलं पोतं, असा थर लावला आणि मे महिन्यातही डब्या गार पोचवल्या. निळी पेटी सुलाबाईनं, त्याच्या बायकोनं, जोंधळ्याचं पीठ ठेवायला घेतली. मालमत्तेच्या यादीत ती पेटी मी शेवटपर्यंत 'वापरात' अशीच दाखवली. ते एका अर्थानं खरंच होतं.

त्याचं खरं कसब मात्र वेगळं होतं. टीबी तपासायला छातीतून खोकून काढलेला बेडका लागतो. माणसं लाजतात, खोकायचं टाळतात आणि डबीत नुसती लाळ थुंकून देतात. लाळेत काही सापडत नाही. कागदावर माणूस ठणठणीत आणि घरात खोकून खोकून अर्धा. माणसानं सकाळी तोंड धुवायच्या आत सटवाजी दारात हजर व्हायचा, चार पावलं लांब वाऱ्याच्या बाजूला उभा राहायचा आणि माणसाला आपल्यासमोर खोकायला लावायचा. तीनदा लांब श्वास, मग पोटातून खोकला. डबी उजेडाला धरून बघायची, पातळ दिसली की ओतून टाकायची आणि नवी डबी पुढे करायची. त्यात पाटलाची सून बघितली नाही की देवळातला पुजारी बघितला नाही. एका निवृत्त मुख्याध्यापकाला त्यानं चार वेळा खोकायला लावलं होतं. मुख्याध्यापक चिडले, पण चौथ्या डबीत टीबी निघाला आणि ते वाचले.

तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत आमचं मशीन होतं आणि मशीनवर प्रीतम. नांदेडला शिकून आलेला, हातमोजे घातल्याशिवाय दाराची कडीही न उघडणारा पोरगा. तो म्हणायचा, सटवाजीकाकांच्या डबीत लाळ निघत नाही. प्रीतम सहसा कुणाचं कौतुक करत नाही.

सटवाजीचा दुसरा नियम ओळीचा. डबी आली त्या दिवशी झाकणावर आकडा पडायचा आणि त्याच आकड्यानं ती मशीनला लागायची. एकदा एका पुढाऱ्याच्या चुलत्याची डबी आली, सोबत पुढाऱ्याचा फोनही आला. सटवाजीनं फोन कानाला लावून सगळं ऐकून घेतलं, हो हो म्हणाला आणि डबी तेविसावी होती ती तेविसावीच ठेवली. ही गोष्ट त्याच्या वीसही गावांत पसरली. लोक त्याला थुंकीवाला म्हणायचे, हॉटेलात त्याचा कप वेगळा ठेवायचे, पण निकालावर विश्वास ठेवायचे तो त्याच्यामुळे. ओळ मोडायची नाही, कुणासाठीच नाही, हे त्याला धर्मासारखं होतं.

त्याला एकच लेक, बबिता. तिच्या आधीची दोन लेकरं गेली होती. ती सेलूकडच्या एका गावात दिलेली. लग्न जमवताना पोरीचा बाप धरणावर नोकरीला आहे असं मध्यस्थानं सांगितलं आणि सटवाजी गप्प बसला. चार महिन्यांत सासरी कळायचं ते कळलं. तिची सासू, छबूबाई, तेव्हापासून तिला नावानं हाक मारत नव्हती, थुंकीवाल्याची लेक म्हणायची. घरात कुणी शिंकलं तरी बबिताकडं बघितलं जायचं. हे बबितानं माहेरी कधी सांगितलं नाही. दिवाळी संपली की ती आणि तिचा नवरा आदिनाथ, जोडीनं ऊस तोडायला जायचे. टोळीत माणूस एकटा धरत नाहीत, नवरा-बायको मिळून एक कोयता. एक आजारी पडलं की कोयता मोडतो आणि मुकादम दुसरी जोडी बघतो.

गेल्या सप्टेंबरात निधीचा मेल आला. आमचे प्राधान्यक्रम बदलले आहेत, असं त्यात होतं. तुमच्या योगदानाची आम्हाला कदर आहे, असंही होतं. तिकडे कुठंतरी मतदान झालं, सरकार बदललं, कुणीतरी एका रकान्यावर रेघ मारली, आणि इकडे तीस तारखेला आमचं काम बंद. त्यानंतरचा एक रुपयाही मंजूर होणार नव्हता. शेवटचा अहवाल मात्र पंधरा दिवसांत पाहिजे होता, त्यात 'आम्ही काय शिकलो' असं एक प्रकरण आणि फोटोसह तीन यशोगाथा. मशीनला प्रत्येक डबीमागं एक कार्ट्रिज लागतं, एकदा वापरलं की फेकायचं. तशी सात उरली होती. ती तीस तारखेच्या आत वापरा, नाहीतर सील करून ठेवा, असा हुकूम होता. शेवटच्या आठवड्यात सटवाजीच्या खोक्यात एकोणीस डब्या साठल्या होत्या.

काचेवर थुंकी पसरून दुर्बिणीतून बघायची जुनी पद्धत सरकारी दवाखान्यात होतीच. ती स्वस्त आहे, पण तिच्यातून पुष्कळ रोगी निसटतात. शिवाय टीबी आहे एवढंच ती सांगते. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा हट्टी टीबी आहे की साधा, हे फक्त मशीन सांगतं. प्रीतम आणि सटवाजीनं बसून एकोणीस डब्यांतल्या मशीनवाचून चालणारच नाही अशा सात काढल्या आणि आकड्यानं ओळीत लावल्या. सातवी डबी कुसुमबाईची.

कुसुमबाई धरणाच्या काठच्या गावातली. दोन वर्षांपूर्वी टीबी होऊन गोळ्या पुऱ्या केलेली आणि आता पुन्हा रक्ताच्या गुळण्या टाकणारी. पुन्हा उलटलेला टीबी हट्टी असण्याचा संशय असतो, म्हणून तिला मशीन हवं होतं. तिचा नवरा नागनाथ सटवाजीसोबत लहानपणी धरणात पोहलेला. एक म्हैस, दीड एकर रान आणि बायकोला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणारा माणूस. आठ दिवसांत निकाल सांगतो, असा शब्द सटवाजीनं त्याला दिला होता.

अठ्ठावीस तारखेला सुलाबाईला लेकीचा फोन आला. बबिता बोलता बोलता खोकत होती. सुलाबाईनं विचारलं तर म्हणाली, दोन महिने झाले, धुळीनं होतंय. सुलाबाई रात्रभर रडली. सटवाजीनं आयुष्यात हजारो खोकले ऐकले होते, बायकोनं फोनवर ऐकलेला एक तेवढा त्याला सहन झाला नाही. सकाळी त्यानं एक रिकामी डबी खिशात घातली आणि सेलूची वाट धरली. ते गाव त्याच्या वीस गावांत नव्हतं.

पुढचं सटवाजीनं मला सांगितलं ते त्याच्याच क्रमानं सांगतो.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी बापानं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही चाल त्यांच्यात अजून आहे. सटवाजी त्या घरी गेला की बाहेर ओट्यावर बसायचा, पाणीसुद्धा घेत नसे. त्या सकाळीही तो ओट्यावरच बसला. छबूबाईनं दारातूनच विचारलं, कसं काय येणं केलं. त्यानं खाली मान घालून डबी पुढे केली. टोळीत जायच्या आधी एकदा तपासलेलं बरं, असं काहीतरी पुटपुटला. वीस गावांत पाटलाच्या सुनेला समोर उभं करून खोकायला लावणारा माणूस, पण लेकीच्या सासरच्या दारात लेकीला थुंकायला लावणं त्याच्यानं झालं नाही. तो रस्त्याकडं तोंड करून बसून राहिला. आत खोकल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं बबिता बाहेर आली, डबी ओट्यावर ठेवली आणि पदर सावरत आत गेली. एकमेकांकडं दोघांनी नीट बघितलंही नाही.

गावाबाहेर आल्यावर त्यानं गाडी थांबवली आणि डबी उजेडाला धरली. पातळ होती. बेडक्याचा ठिपकाही नव्हता, पाण्यासारखी लाळ.

"सर, लाळ व्हती ती," सटवाजी मला म्हणाला. "मला धडधडीत दिसली व्हती. दुसऱ्या कुणाची असती तर तिथंच वतली असती. पर पुन्यांदा त्या दारात कसं जायचं? अन् खरं सांगू का, मला बरं वाटलं. म्हटलं पोरीच्या छातीत कायच न्हाई, म्हणून तर कायच निघंना."

तीस तारखेला तो मशीनच्या खोलीत आला. एका वेळी चारच डब्या मशीनमध्ये बसतात. पहिल्या चार लागल्या, निकाल आले, मग दुसरी फेरी. प्रीतमनं पाचवी घेतली, सहावी घेतली आणि सातवीला हात घालताना सटवाजीनं खिशातून वेगळी डबी काढून पुढे केली.

"काका, सातवी कुसुमबाईंची आहे ना?" प्रीतमनं विचारलं.

"सातवी ही हाय," सटवाजी म्हणाला.

प्रीतमनं झाकणावरचं नाव वाचलं. तीन वर्षांत त्या माणसानं एकदाही ओळ मोडलेली नव्हती, म्हणून प्रीतमला वाटलं काहीतरी कारण असेल. डबी पातळ आहे हेही त्याला दिसलं. पण पाचची वेळ होती, सहाला खोलीला सील लागायचं होतं, आणि सटवाजीकाकांच्या डबीला नको म्हणायची त्याला सवय नव्हती. त्यानं ती लावली.

दोन तासांचं काम आहे ते. सील लावायला आलेला संस्थेचा माणूस बाहेर चहा पीत थांबला, मीही थांबलो, कारण मला शेवटच्या कार्ट्रिजचा फोटो हवा होता. सातच्या सुमाराला निकाल आला. बबिताला टीबी आढळला नाही. सटवाजी खोलीच्या दारातच खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडला. मग उठून बाजारात गेला, पावशेर पेढे आणले आणि आम्हाला वाटले. मी दोन खाल्ले. त्याला गाडीवर बसवलं, खोलीच्या दारावरच्या दिव्याच्या उजेडात फोटो काढला. सुरुवातीला सांगितला तो हाच फोटो. खाली मी लिहिलं की प्रकल्पाच्या अखेरच्या दिवशी अखेरचं कार्ट्रिजदेखील एका गरजू रुग्णासाठी वापरलं गेलं, एकही वाया गेलं नाही. निधीच्या माणसांना हे वाक्य फार आवडलं. त्यांनी ते आपल्या वार्षिक पुस्तिकेत घेतलं.

त्याच आठवड्यात सटवाजी नागनाथकडं गेला आणि कार्ट्रिजं संपली म्हणून सांगून आला. हे खरंच होतं. नागनाथ म्हणाला, आता तुमी तरी काय करणार. कुसुमबाईची थुंकी काचेवर बघितली, टीबी आहे असं निघालं आणि नेहमीच्या गोळ्या सुरू झाल्या. हट्टी आहे का ते बघायला तिची डबी एसटीनं परभणीला पाठवली गेली. सटवाजीचा खोका नव्हता, बर्फ नव्हता, कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कंडक्टरजवळ दिली. ती सांडली. तीन आठवड्यांनी कागद आला की नमुना खराब, पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवायला कुणी पगारी माणूस उरला नव्हता. सटवाजीनं स्वतःच्या पेट्रोलनं दुसरी डबी नेऊन दिली, तर तिथं आधीच्या महिन्याचे ढीग पडलेले. ओळीनं होईल, असं त्याला खिडकीतून सांगण्यात आलं.

कुसुमबाईनं रोज न चुकता गोळ्या घेतल्या. तिला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. डिसेंबरात ती चालायची थांबली, जानेवारीत बोलायची. शेवटी शेवटी नागनाथ तिला भिंतीला टेकवून बसवायचा आणि स्वतः पाठीला पाठ लावून मागे बसायचा, कारण आडवं केलं की तिचा जीव गुदमरायचा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती तशीच बसल्या बसल्या गेली. नागनाथला ते बऱ्याच वेळानं समजलं. परभणीचा कागद तिच्या दहाव्याला आला. टीबी हट्टी होता, आणि त्याच्यावर चालणाऱ्या गोळ्या जिल्ह्याच्या दवाखान्यात फुकट मिळत होत्या.

बबिता फेब्रुवारीच्या शेवटी परत आली. टोळी गेली होती पश्चिम महाराष्ट्रात एका कारखान्यावर. महिनाभर तिनं मोळ्या बांधल्या, पुढे डोक्यावर मोळी घेतली की चक्कर यायची, मग पाचटाच्या कोपीत पडून राहिली. मुकादमानं कोयता मोडला. आदिनाथनं तिला एका ट्रकमध्ये बसवून दिलं आणि स्वतः तिथंच राहिला, एका विधवा बाईबरोबर त्याची नवी जोडी लागली होती. ट्रकवाल्यानं बबिताला येलदरीच्या फाट्यावर उतरवलं. सटवाजीनं तिला उचललं तेव्हा माशाचा खोका जड वाटावा इतकी ती हलकी होती. वजन एकतीस किलो भरलं.

त्यानं दुसऱ्या दिवशी डबी घेतली. या वेळी घर त्याचं होतं. त्यानं लेकीला अंगणात उभं केलं, चार पावलं लांब उभा राहिला आणि खोकायला लावलं. डबीत हिरवट पिवळा गोळा पडला, रक्ताची रेघ असलेला. सटवाजी बघत राहिला. मग त्यानं विचारलं की सप्टेंबरात हे का निघालं नव्हतं.

बबिता भुईवर बसली. "आबा, त्या डबीत माझं कायबी नव्हतं," ती म्हणाली. "सासूबाईची थुंकी व्हती ती. मीच म्हटलं त्यास्नी थुंका म्हणून, त्यास्नीबी कोयता मोडायला नको व्हता. थुंकीवाल्याच्या लेकीला टीबी निघाला असता तर त्याच दिशी माघारी धाडलं असतं मला."

सुलाबाई तिला शिव्या देत, मारत, तिच्याच गळ्यात पडून रडली. सटवाजीनं डबीचं झाकण घट्ट लावलं. खोका गाडीला बांधला आणि डबी घेऊन निघाला. तोपर्यंत सरकारी कार्ट्रिजांचा साठा आला होता, निकाल दोन दिवसांत मिळाला. साधा टीबी. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होणारा. काचेवरसुद्धा दिसला असता, तिनं खोकलं असतं तर.

तो मला भेटायला परभणीला आला तो यानंतर आठ दिवसांनी. मी एका दुसऱ्या संस्थेत लागलो होतो. माझ्यासारख्यांना नोकरी लगेच मिळते, एक निधी आटला की दुसरा शोधायचा. सटवाजीनं पायरीवर बसून मला हे सगळं सांगितलं, सासरच्या ओट्यापासून ट्रकपर्यंत. मी त्याला म्हणालो, दोष तुझा नाही, मेल पाठवणाऱ्यांचा आहे, सातच्या जागी आठ कार्ट्रिजं असती तर कुसुमबाई वाचली असती. मला खरंच राग आला होता, आणि आजही येतो. पाच हजार मैलांवर बसून कुणी रेघ मारावी आणि इथं दोन बायकांपैकी एक निवडायला एका भोयाला उभं करावं, यात कसला प्राधान्यक्रम आहे? पण सटवाजी माझं ऐकतच नव्हता.

"नागनाथ रोज म्हशीचं दूध आणून द्यायलाय," तो म्हणाला. "बबिताला पाजा म्हणतो. पैसे दिले तर हात जोडतो. सर, तुमी लिवता. तुमी त्याला सातव्या डबीचं सांगा. माझ्यानं तोंड उघडंना."

मी सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. दोनदा त्या गावावरून गेलो, गाडी थांबवली नाही. बेचाळीस यशोगाथा लिहिणाऱ्याला एक वाक्य जमलं नाही, यावरून माझ्या धंद्याची लायकी काय ती समजा.

मे महिन्यात नवा प्रकल्प सुरू झाला. नवा निधी, दुसऱ्या देशाचा, तेच काम. डब्या गोळा करायला माणूस हवा होता, मीच सटवाजीचं नाव सुचवलं. अनुभवी माणूस मिळाला म्हणून सगळे खूश. मलाही पहिल्या तिमाहीसाठी एक गोष्ट हवी होती, म्हणून पहिल्याच फेरीला मी त्याच्या गाडीवर मागे बसून गेलो. खोका मांडीवर धरला होता. कुठल्या गावांना जायचं ते त्यानं आधी सांगितलं नव्हतं.

तो थेट नागनाथच्या दारात थांबला. नागनाथ म्हशीला पाणी दाखवत होता. आम्हाला बघून त्यानं घमेलं खाली ठेवलं आणि हसायला गेला, तर त्याला खोकल्याची उबळ आली. बराच वेळ तो म्हशीच्या पाठीवर हात टेकून खोकत राहिला. वर बघितलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलेलं होतं. तीन महिने झालेत, असं तो आपणहून म्हणाला, बहुतेक कुसुमचंच लागलं असंल.

सटवाजीनं डबी काढली. चार पावलं लांब उभा राहिला. तीन श्वास, मग खोकला. पहिली डबी पातळ निघाली, ती त्यानं ओतून टाकली. दुसऱ्या डबीत जे हवं होतं ते पडलं. त्यानं झाकण लावलं, ओल्या फडक्यानं डबी पुसली आणि नागनाथकडं न बघता बोलला.

"नागनाथ, तुझी डबी पहिली लावतो. आजच लावतो."

त्या दिवशी नव्या निधीची कार्ट्रिजं थोडीच आली होती, दहाच्या आसपास, बाकीची मागून येणार होती, आणि दवाखान्यातून आलेल्या तेरा डब्या आधीच ओळीत लागल्या होत्या. सटवाजीला ते माहीत होतं, मलाही. नागनाथला माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यानं हात आडवा केला.

"न्हाई," तो म्हणाला. "किती आकडा येतो तो येऊ द्या, ओळीनंच लावा. तुमी ओळ मोडत न्हाईत, म्हणून तर कुसुमच्या येळंला म्या तुमाला एक शबुद बोललो न्हाई."

सटवाजीनं माझ्याकडं बघितलं. मी वही उघडून तिच्यात मान घातली. त्यानं खिशातून पेन काढला, झाकणावर चौदा लिहिलं आणि डबी बर्फात खोचली. नागनाथ घरात गेला आणि दुधाची बाटली घेऊन बाहेर आला. बबिताला गरम करून द्या म्हणाला, आणि ती त्यानं सटवाजीच्या हातात दिली.